छोटी लालसरी हिवाळ्यात काय खाते?

दिवसा जलाशयाच्या मधोमध, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेला थवा दिसला की अनेकांना वाटतं, ही बदकं आळशी आहेत. तसं नाही. छोटी लालसरी बरंचसं खाणं रात्री उरकते.

ती बुडी मारणारी. एक ते तीन मीटर खोलीचं पाणी तिला मानवतं. अंगाला हलकी उसळी देऊन डोकं खाली घालते, अर्ध्या मिनिटाच्या आत बुचासारखी वर येते. तळाच्या पाणवनस्पतींचे कंद, कोंब, बिया हा मुख्य आहार. जोडीला गोगलगायी आणि गाळातल्या अळ्या.

म्हणूनच पाणी गढूळ होणं वाईट. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदामुळे पाणी हिरवं होतं, तळाशी ऊन पोचत नाही, पाणवनस्पती मरतात. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला तरी तेच. परदेशात शिकारीचे शिशाचे छरे खडे समजून गिळल्याने विषबाधाही होते. पोटात दाणे दळायला तिला खडे लागतातच.

२०१५पासून ही जात धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत (आययूसीएन) 'असुरक्षित' आहे. उजनी, जायकवाडीला बघायला गेलात तर दिवसा बोट थव्यात घालू नका. उडवलेल्या पक्ष्याची रात्रभर कमावलेली चरबी त्यात खर्ची पडते. आणि पाव तर अजिबात टाकू नका.