नांगरट सोडली तर युरिया वाढवावा लागतो का?

मका करणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: पहिली काही वर्षं, हो, थोडा जास्त लागू शकतो. पण का, ते समजून घ्या, नाहीतर माणूस पोत्यांचा हिशेबच करत बसतो.

नांगरलं की ढेकळं फुटतात, आत हवा खेळते आणि इतके दिवस मातीच्या कणांत दडून राहिलेले सेंद्रिय पदार्थ जिवाणू भराभर खातात. त्यातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, मोकळं होतं, पीक काळंभोर दिसतं. वाटतं, नांगरानं दिलं. नांगरानं काही दिलं नाही, मातीची शिल्लक मोडली. अमेरिकेत इलिनॉयमधल्या मॉरो प्लॉट्स या प्रयोगाच्या शेतात 1876 पासून मका घेतला जातोय. तिथं बिनखताचा, सलग मका घेतलेल्या तुकड्यातला सेंद्रिय कर्ब (कार्बन), म्हणजे हीच शिल्लक, फार खाली गेला.

नांगरट थांबवली की ही उचल थांबते. वर मक्याची ताटं पडलेली. त्यांत नत्राच्या साधारण पन्नास-साठ पट कर्ब असतो. ती कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि कोवळी रोपं फिकी पडतात. खालच्या पानाच्या टोकापासून मधल्या शिरेवरून इंग्रजी व्हीसारखा पिवळेपणा आत सरकताना दिसला, की समजा नत्र कमी पडतंय.

अशा वेळी युरिया ताटांवर फेकू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. युरियात 46 टक्के नत्र असतं खरं, पण कुजक्या पाल्यावर तो पडला आणि पाऊस आला नाही, तर त्यातला बराचसा अमोनिया होऊन उडून जातो. ओळीच्या बाजूला, चार-पाच सेंटिमीटर खोल, मातीआड करा. पेरताना थोडा द्या, मोठा हप्ता मका गुडघ्याएवढा झाल्यावर आणि तुरा येण्याआधी. खरी भूक तेव्हाच असते. त्यापुढे कितीही टाका, कणीस वाढत नाही. जास्तीच्या युरियाचं नायट्रेट होऊन ते पाण्याबरोबर खाली जातं आणि जमीन हळूहळू आम्ल होते.

नांगर कायमचा टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. निचरा नसलेल्या भारी जमिनीत बिननांगरटीचा मका मागे पडतो, आणि खाली कठीण थर बसला असेल तर तो एकदा फोडावाच लागतो. कोरडवाहू शेतात मात्र ओल टिकते, तिथं फायदा लवकर दिसतो.

नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या शेतातलं एकेक वाळलेलं ढेकूळ काचेच्या वेगवेगळ्या ग्लासांतल्या पाण्यात सोडून बघा. सतत नांगरलेलं बहुतेक वेळा मिनिटाभरात विरघळून पाणी गढूळ करतं. कित्येक वर्षं न नांगरलेलं, मुळांच्या जाळीनं बांधलेलं, तसंच बसून राहतं.

आणि यंदा शेतात चार ओळी बिनयुरियाच्या ठेवा. तिथली कणसं वेगळी मोजा. तुमची माती स्वतः किती देते, हे त्या चार ओळींत दिसेल. पुढच्या वर्षीचा डोस मग त्यावरून ठरवू.