तुम्ही विचारलंत म्हणून: तीनशेच प्रती का?

दिवाळीच्या सुमारास आमच्या प्रकाशनाच्या नव्या भयकथासंग्रहांची घोषणा झाली, की एक प्रश्न हमखास येतो. पुण्याहून येतो, लातूरहून येतो, इथे इंदुरात रामबागेतल्या ओळखीच्या माणसांकडूनही येतो: तीनशेच प्रती का छापता, आणि त्या संपल्यावर दुसरी आवृत्ती का काढत नाही? काहींना ही मुद्दाम केलेली टंचाई वाटते. आजवर मी प्रत्येकाला दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी झाले, आणि ते उत्तर अपुरे होते. यंदा दोन नवे संग्रह येत आहेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

टंचाईचा आरोप मला मान्य नाही. ऑफसेटवर हजार प्रती काढल्या तर प्लेटचा आणि जुळणीचा खर्च वाटला जाऊन प्रत स्वस्त पडते. तीनशेची डिजिटल छपाई प्रतीमागे महागच पडते. आम्ही छापील किमतीच्या वर एक रुपया घेत नाही. संपलेले पुस्तक पुढे कोणी तिप्पट भावाने विकले, तर त्यातले काही माझ्याकडे येत नाही आणि लेखकाकडेही जात नाही. तीनशेत माझा फायदा असता, तर मी तो उघडपणे सांगितला असता.

२०१५ साली काम सुरू केले तेव्हा मी हजाराच्या खाली बोलतच नसे. त्या वेळी मी सगळ्यांना आर्कम हाउसचा दाखला देई. एच. पी. लवक्राफ्ट हा अमेरिकन भयकथालेखक १९३७ साली वारला. त्याच्या कथांचे पुस्तक मोठ्या प्रकाशकांनी नाकारले, तेव्हा ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वाँड्रे या त्याच्या दोन चाहत्यांनी १९३९ साली स्वतःच प्रकाशनसंस्था काढून ते छापले, १,२६८ प्रतींचे. दोन माणसांना विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावातून हे जमले, तर मला इंदुरातून का जमू नये, असे मी विचारत असे. त्या प्रती खपायला सुमारे चार वर्षे लागली, हेही मला माहीत होते. ते मात्र मी कोणाला सांगत नसे, आणि ज्यांना सांगायला हवे होते त्यांत आमचे ओव्हरसिअरकाका होते.

काका निवृत्त ओव्हरसिअर. जुन्या वाड्यांची मोजमापे घेण्यात त्यांची नोकरी गेली होती आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत त्यांचे एक अक्षर कुठे छापून आले नव्हते. त्यांच्या शीर्षककथेत एक मोजणीदार छत्रीबागेतल्या वाड्याच्या खोल्या मोजतो, आणि दर खेपेला एक खोली जास्त भरते. शेवटी तो नकाशात ती खोली दाखवतो, आणि मग घरातली माणसे तिच्यात राहू लागतात. इतक्या शांतपणे लिहिलेली भीती मी मराठीत क्वचित वाचली आहे. मी बारा फर्म्यांचे (एक फर्मा सोळा पानांचा) पुस्तक केले, चांगला नॅचरल शेड, म्हणजे पिवळसर छटेचा कागद वापरला, आणि हजार प्रती काढल्या. काका म्हणाले होते, “ताई, दोनशे पुरे. माझी माणसं तेवढीच आहेत.” मी त्यांना आर्कम हाउसची गोष्ट सांगितली, आणि चार वर्षांचे वाक्य गाळले.

सातशे प्रती महाराष्ट्रातल्या एका वितरकाकडे, न खपल्यास परत, या बोलीवर गेल्या. दोन वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. गठ्ठे हातगाडीवरून घरी आणले आणि जिन्याखाली रचले. वरच्या गठ्ठ्यांचे पुठ्ठे भिजून फुगले होते, मुखपृष्ठांवर किमतीची चिकटपट्टी अर्धवट सोललेली होती. काकांना कळवायचे कसे, याचा विचार मी चार दिवस करत राहिले. पाचव्या दिवशी ते आपणच आले, दुसऱ्या संग्रहाच्या चार कथा पिशवीत घालून.

जिन्याखालचे गठ्ठे त्यांनी पाहिले. मी काही बोलायच्या आत ते चपला काढून खाली बसले आणि म्हणाले, “मोजल्यात का?” मी नाही म्हटले. मग आम्ही दोघांनी मोजल्या. ओल्या एकीकडे, कोरड्या दुसरीकडे, पंचवीस-पंचवीसचे ढीग. ते प्रत्येक ढिगावर बोट ठेवून आकडा उच्चारत आणि मी तो वहीत लिहीत असे. ५८८ भरल्या. त्यांनी बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली, ती बरोबर होती. चहा घेतला. जाताना त्यांनी पिशवी उचलली, तिच्यातले कागद बाहेर निघालेच नाहीत, आणि मला ते मागण्याचा धीर झाला नाही. त्यानंतर ते आणखी तीन वर्षे होते. भेटले की प्रेमाने बोलत, घरच्यांची विचारपूस करत. कथांचा विषय त्यांनी काढला नाही. त्या चार कथांचे पुढे काय झाले, ते त्यांच्या मुलालाही ठाऊक नाही.

तीनशेचा आकडा त्या दुपारचा आहे. परत आलेल्या प्रती लेखकाने मोजाव्यात, असे मला पुन्हा घडू द्यायचे नव्हते. हे लिहितानाच जाणवते, की मी लेखकाचे नाव पुढे करून स्वतःची भीती सांगते आहे. माझे पैसे अडकले होते, ही गोष्टही खरी आहे. त्या दुपारी मी त्या कथा मागितल्या असत्या, तर ५८८ हा आकडा कदाचित इतका जड झाला नसता.

कोणी मला टार्टारस प्रेसचे उदाहरण देते. यॉर्कशरमधल्या त्या छोट्या प्रकाशनाने २०१४ साली अँड्र्यू मायकल हर्ली यांची ‘द लोनी’ ही कादंबरी तीनशेच प्रतींची काढली होती; पुढच्या वर्षी मोठ्या प्रकाशकाने ती घेतली आणि तिला कॉस्टा या ब्रिटनमधल्या साहित्यपुरस्कारांपैकी पहिल्या कादंबरीसाठीचा पुरस्कार मिळाला. मला या उदाहरणाने धीर येत नाही, उलट माझे उत्तर त्याने लंगडे पडते. तिथे तीनशे प्रती ही पहिली पायरी होती आणि वरचा मजला बांधलेला होता. आमच्या सात पुस्तकांपैकी एकही आजवर कोणा मोठ्या मराठी प्रकाशकाने मागितलेले नाही. त्यामुळे माझ्या तीनशे प्रती संपतात तिथे ते पुस्तकही संपते, आणि लातूरच्या ज्या मुलाने आमचा संग्रह कोणाकडून मागून अख्खा झेरॉक्स करून घेतला, त्याला मी काय सांगू, हे मला सुचलेले नाही. मागणी येईल तशी एकेक प्रत छापा, असे सुचवतात. तोही हिशेब करून पाहिला. छपाई, त्यावर टपाल, आणि डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त टपालसेवा बंद झाल्यापासून एका पुस्तकाच्या पाकिटाला पडणारा खर्च मिळून पुस्तक अशा किमतीला जाते, की तो मुलगा झेरॉक्सच करील.

यंदाच्या दोन संग्रहांपैकी एक तीनशेचाच निघेल. दुसऱ्याची लेखिका ग्वाल्हेरची आहे, अठ्ठावीस वर्षांची. आर्कम हाउसची गोष्ट मी तिला चार वर्षांसकट सांगितली, आणि तरीही तिने पाचशेचा आग्रह धरला आहे. छापखान्याला आकडा परवापर्यंत कळवायचा आहे. अजून कळवलेला नाही.

आणि काकांचे पुस्तक संपलेले नाही. संपलेली पुस्तके मागणारे फोन आठवड्याला येतात. हे मात्र फारसे कोणी मागत नाही. कोरड्या प्रतींपैकी ३४१ शिल्लक आहेत. त्या मी रद्दीत दिल्या नाहीत आणि किंमतही वाढवलेली नाही.