पुन्हा सांग

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातील पाड्यावरून पाचवीसाठी मी आपल्या शाळेच्या वसतिगृहात आले, तेव्हा मला आम्हा पावरा आदिवासींची पावरी बोली येत होती आणि मराठी जेमतेम समजत होती. अहिराणी बोलणाऱ्या मुली हसतील या भीतीने पहिले सहा महिने मी बहुतेक गप्पच राहिले.

आदिवासी मुली नर्सिंगमध्ये टिकतात त्या सोशिकपणामुळे, असे सत्कारसमारंभांत नेहमी सांगितले जाते. डोंगर चढून पाणी आणणारीला रात्रपाळीचे ओझे वाटत नाही, हे खरेच. पण पुढे मी केलेल्या जीएनएम या नर्सिंगच्या पदविका अभ्यासक्रमात माझे नुकसान केले ते याच गुणाने. पुस्तके इंग्रजी, शिकवणे इंग्रजी, आणि न समजलेलेही निमूट सोसण्याची मला सवय. पहिल्या वर्षी ड्युटी बदलताना एका आजोबांविषयी ‘एनबीएम’ असे सांगण्यात आले. तोंडावाटे काहीही द्यायचे नाही, हा त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता आणि विचारायची लाज वाटली. आजोबांनी चहा मागितला, मी दिला. पोटात काही असताना भूल दिली तर उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून त्यांची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. मला बोलणी बसली, ती योग्यच होती.

त्या रात्री आपले मराठीचे गुरुजी आठवले. फळ्यावर मराठी शब्द लिहून ते आम्हा पावरा मुलींना त्याचा पावरी शब्द विचारत आणि स्वतःला तो उच्चार जमला नाही की भर वर्गात म्हणत, “समजले नाही, पुन्हा सांग.” मग मी वहीत दोन रकाने आखले: एकात अडलेला शब्द, दुसऱ्यात विचारून मिळालेला अर्थ. ट्यूटर कधी वैतागत. मैत्रिणी मात्र परीक्षेआधी तीच वही मागून नेत.

तिसऱ्या वर्षी सिकलसेलची एक तरुण बाई दाखल झाली. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आमच्या सातपुड्यात त्याचे रुग्ण पुष्कळ आहेत. ती नुसती कण्हत होती. मी पावरीत विचारले, तशी ती बोलू लागली. हाडे तीन दिवसांपासून ठणकत होती. पण सकाळपासून छातीत कळ येऊन श्वास लागत होता, हे तिने कोणालाच सांगितले नव्हते. तिच्या भाषेत कोणी विचारलेही नव्हते. “ती नेमके काय म्हणाली, पुन्हा सांगा,” डॉक्टर म्हणाले. मी सांगितले. छातीचे ऐकताच त्यांनी ऑक्सिजन लावायला सांगितले.