दक्षता आयोगाच्या तीन खुर्च्या: तिथे कोण बसतं आणि का

केंद्र सरकारच्या खात्यांतल्या आणि सरकारी बँका-कंपन्यांतल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणांवर सल्ला देणाऱ्या केंद्रीय दक्षता आयोगावर नवी नेमणूक झाली की बातमी दोन ओळींची असते: नाव, बॅच, शेवटचं पद. आयुक्ताची आधीची तीस-पस्तीस वर्षं कुठे गेली, यावर तो समोर आलेल्या फायलीत काय बघणार हे बरंचसं ठरतं. म्हणून या दोन ओळी कशा वाचायच्या, ते नीट लिहून ठेवतो.

आधी कायदा. संथानम समितीच्या शिफारशीवरून फेब्रुवारी १९६४ मध्ये आयोग स्थापन झाला, पण निव्वळ सरकारी ठरावाने. डिसेंबर १९९७ मध्ये विनीत नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला वैधानिक दर्जा द्यायला सांगितलं, आणि अध्यादेशांची वळणं घेत २००३ चा कायदा आला. त्यात एक केंद्रीय दक्षता आयुक्त आणि जास्तीत जास्त दोन दक्षता आयुक्त आहेत. कलम ३ मध्ये पात्रतेचे दोन गट आहेत. पहिल्या गटात अखिल भारतीय सेवा, केंद्राच्या नागरी सेवा आणि केंद्रातली नागरी पदं येतात. सोबत दक्षता, धोरण आणि प्रशासन (पोलीस प्रशासनासह) यांचा अनुभव हवा. दुसऱ्या गटात केंद्राची महामंडळं आणि सरकारी कंपन्यांतली माणसं, आणि वित्त, विमा, बँकिंग, कायदा, दक्षता, तपास यांतले जाणकार. त्याखालचं परंतुक (कलमाला जोडलेली अट) महत्त्वाचं आहे: तिघांपैकी दोनपेक्षा जास्त जण एकाच गटातले नसावेत.

म्हणजे तिन्ही जागा भरलेल्या असतील तर किमान एक माणूस दुसऱ्या गटातला असतोच. पण एक जागा रिकामी असली की उरलेले दोघंही सनदी सेवेतले असू शकतात आणि परंतुकाला धक्का लागत नाही. त्यामुळे आयोगावर कोण आहे हे पाहताना किती जण आहेत हेही मोजायचं.

१९६४ मधले पहिले आयुक्त नित्तूर श्रीनिवास राव हे म्हैसूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश होते. ती वाट पुढे रुळली नाही. त्यांच्यानंतर आयसीएस (ब्रिटिशकालीन सनदी सेवा) आणि आयएएस मंडळी आली. सुबिमल दत्त हे माजी परराष्ट्र सचिव. एम. जी. पिंपुटकर हे आयसीएस, सनदी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या मसुरीच्या अकादमीचे संचालक राहिलेले. सी. जी. सोमय्या इथून थेट नियंत्रक व महालेखापरीक्षक झाले. १९९८ मध्ये आलेले एन. विट्ठल यांच्यात तर मागचा अनुभव कामात स्पष्ट उतरलेला दिसतो. ते इलेक्ट्रॉनिक्स खात्याचे सचिव होते, दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांनी २००० च्या सुरुवातीला चौकशीच्या घेऱ्यातल्या अधिकाऱ्यांची नावं आयोगाच्या वेबसाइटवर टाकली. आयुष्यभर फक्त सचिवालयातल्या टिपण्या वाचलेल्या माणसाला हे सहसा सुचलं नसतं. नोव्हेंबर १९९८ चं त्यांचं परिपत्रक तर आजही निविदा काढणाऱ्यांना पाठ असतं: निविदा उघडल्यावर वाटाघाटी करायच्या असतील तर सर्वात कमी दराच्या निविदाकाराशीच, बाकी कुणाशी नाही.

२००३ नंतरचा साचा असा: अध्यक्षस्थानी बहुतेक वेळा आयएएस, उरलेल्या दोन जागांपैकी एकीवर बरेचदा पोलीस सेवेतला अधिकारी, आणि दुसऱ्या गटाच्या नावाने सरकारी बँकेचा माजी प्रमुख. बँकेच्या जागेची यादी पाहा. जानकी वल्लभ स्टेट बँकेचे अध्यक्ष होते. रंजना कुमार यांनी इंडियन बँक आणि नंतर नाबार्ड सांभाळली. जे. एम. गर्ग कॉर्पोरेशन बँकेचे, टी. एम. भसीन इंडियन बँकेचे, सुरेश पटेल आंध्र बँकेचे. मार्च २०२४ मध्ये ए. एस. राजीव आले ते आपल्या पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रचे व्यवस्थापकीय संचालक म्हणून काम करून. पोलिसांच्या बाजूला आर. श्रीकुमार, राष्ट्रीय तपास यंत्रणेचे (एनआयए) माजी प्रमुख शरद कुमार, गुप्तचर विभागाचे माजी संचालक अरविंद कुमार. या साच्याला मोठा छेद गेला तो २०१५ मध्ये. प्रत्यक्ष कर मंडळाचे माजी अध्यक्ष के. व्ही. चौधरी हे महसूल सेवेतले पहिले केंद्रीय दक्षता आयुक्त झाले. त्यांच्या आणि भसीन यांच्या नेमणुकीला आव्हान मिळालं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये ते फेटाळलं.

बँकर हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सरकारी बँकांतले स्केल पाच (सहायक महाव्यवस्थापक) आणि वरचे अधिकारी आयोगाच्या कक्षेत येतात. बुडालेल्या कर्जाच्या फायलीत कळीचा प्रश्न असतो की निर्णय धंद्यातली जोखीम म्हणून चुकला की हेतूने चुकवला. ते ओळखायला मंजुरीच्या अटी कर्ज उचलण्याआधी पूर्ण झाल्या का, मालसाठ्याची विवरणपत्रं आणि उचल यांचा मेळ बसतो का, जुनं कर्ज भागवायला नवं दिलं का, पैसा शेवटी कुठल्या खात्यात गेला, हे वाचता यायला हवं. सनदी अधिकारी हीच फाईल घेऊन आधी पाहतो ते अधिकार कुणाचा होता आणि सही कुणाची आहे. पोलीस अधिकारी पुरावा शोधतो, प्राप्तिकरवाला पैशाचा माग. चौघांचंही बघणं बरोबर असतं, आणि एकच प्रकारची माणसं एकत्र बसली की बाकीचं निसटतं. कलम ९ सांगतं की कामकाज शक्यतो एकमताने, मतभेद असेल तर बहुमताने चालवावं. त्यामुळे तिघांतल्या एकाचं वेगळं ज्ञान मतदानापेक्षा चर्चेतच उपयोगी पडतं.

खटकतं ते पुढचं. कलमात कायदा आणि तपास हे शब्द असूनही वकिली किंवा न्यायालयीन अनुभवाचा माणूस या खुर्चीत येत नाही. सार्वजनिक बांधकाम आणि खरेदी हे तर भ्रष्टाचाराचं जुनं शेत. त्याची तांत्रिक तपासणी करणारी मुख्य तांत्रिक परीक्षकांची संघटना १९६४ पासून आयोगाकडेच आहे: अंदाजपत्रक फुगवलं का, काम तुकड्यांत विभागलं का, पूर्वपात्रतेच्या अटी एकाच कंत्राटदाराला बसतील अशा घातल्या का, हे तिथले अभियंते पाहतात. पण ते अहवाल देतात, निर्णय वर होतो. वर अभियंता नसतो. सरकारी कंपनीत हयात घालवलेला अनुभवी अभियंता दुसऱ्या गटातून येऊ शकतो, असं माझं वाचन आहे. ही जागा सवयीने बँकेला देऊन टाकणं मला पटत नाही.

नेमणूक राष्ट्रपती करतात, पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतले विरोधी पक्षनेते (किंवा सर्वात मोठ्या विरोधी पक्षाचे नेते) यांच्या समितीच्या शिफारशीवरून. ही पायरी किती ठिसूळ असू शकते ते पी. जे. थॉमस प्रकरणात दिसलं. सप्टेंबर २०१० मध्ये तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांच्या विरोधाला न जुमानता थॉमस यांची केंद्रीय दक्षता आयुक्त म्हणून नेमणूक झाली. केरळात अन्न व नागरी पुरवठा सचिव असतानाच्या पामोलीन (पामतेल) आयातीतल्या भ्रष्टाचाराचं प्रकरण त्यांच्यावर प्रलंबित होतं. २००० ते २००४ दरम्यान कार्मिक विभागानेच त्यांच्यावर कारवाईची शिफारस करणाऱ्या टिपण्या लिहिल्या होत्या, पण समितीपुढच्या कागदांत त्या नव्हत्या. बायोडेटात पदं होती, शेरे नव्हते. ३ मार्च २०११ रोजी सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या पीठाने नेमणूक रद्द केली. न्यायालयाने सांगितलं की व्यक्ती सचोटीची आहे एवढ्यावर भागत नाही, संस्थेची सचोटी धोक्यात येते का तेही पाहायला हवं. निवड फक्त सनदी अधिकाऱ्यांपुरती ठेवू नये, नावं निवडण्याची कारणं लेखी असावीत, प्रतिकूल माहितीसह सगळे कागद समितीपुढे ठेवावेत, हेही त्याच निकालात आहे. समितीत एकमत हवंच असं मात्र नाही. विरोध करणाऱ्याने आणि बहुमतानेही आपली कारणं लिहायची. पुढे जाहिराती देऊन अर्ज मागवणं सुरू झालं.

आणखी एक गोष्ट बातमीत कधी येत नाही: वय. मुदत चार वर्षं किंवा पासष्टी, जे आधी येईल ते. निवृत्तीनंतर, साठी उलटल्यावर आलेल्या माणसाला चार वर्षं मिळणं कठीणच. राष्ट्रपतींचे सचिव राहिलेले संजय कोठारी एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त झाले आणि जून २०२१ मध्ये पासष्टी गाठून गेले. त्यांच्यानंतर सुरेश पटेल यांनी वर्षभराहून अधिक काळ प्रभारी म्हणून काम पाहिलं. ऑगस्ट २०२२ मध्ये पूर्ण पद मिळालं आणि डिसेंबरमध्ये संपलं. दक्षता आयुक्त वर जाऊ शकतो, पण दोन्ही पदांची मुदत मिळून चार वर्षांच्या आतच. मोठ्या खात्याची चौकशी, पहिल्या टप्प्याचा सल्ला (कारवाई सुरू करायची का), खातेनिहाय चौकशी, दुसऱ्या टप्प्याचा सल्ला (चौकशीनंतर शिक्षा द्यायची का) असा प्रवास एवढ्या वेळात संपत नाही. सुरुवात एका आयुक्ताच्या नजरेने होते, शेवट दुसऱ्याच्या.

म्हणून पुढची नेमणूक जाहीर होईल तेव्हा जन्मतारीख शोधून पासष्टीला किती महिने उरलेत ते मोजा. पात्रतेचा गट पाहा. त्या दिवशी किती खुर्च्या भरलेल्या आहेत ते पाहा. माणूस बँकेतला असेल तर कुठल्या बँकेतला, आणि तिच्या फायली समोर आल्या तर तो बाजूला होतो का, हेही विचारा. जुन्या बँकेतल्या सहकाऱ्यांवर निर्णय द्यायला कुणीही बसू नये. विरोधी नेत्याची असहमती असेल तर तिची कारणं आणि बहुमताची उत्तरं दोन्ही मागायला हवीत. निवृत्तीनंतर या तिघांना केंद्र किंवा राज्यात लाभाचं पद घेता येत नाही, कलम ५ ने ती वाट बंद केली आहे. ती बंदी इतर अनेक पदांनाही लागू व्हावी, असं मला मनापासून वाटतं.