गोऱ्यांच्या डब्यात परवानगी फक्त आयाला

आमच्या अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या बुक क्लबने या महिन्यात 'द हेल्प' ही कादंबरी घेतली होती. पिक्चर तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल, ऑक्टेविया स्पेन्सरला ऑस्कर मिळालेला तो, त्यामुळे स्टोरी सांगत बसत नाही. १९६२च्या आसपासचं जॅक्सन, मिसिसिपी, गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या काळ्या बायका, आणि त्यांच्या गोष्टी लिहून काढणारी एक गोरी मुलगी. पण त्यातलं बाथरूमचं प्रकरण आहे ना, ते काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणजे बघा, हिली नावाची बाई मोहीमच काढते की प्रत्येक गोऱ्या घरात कामवालीला वेगळं बाथरूम पाहिजे, का तर म्हणे रोग पसरतात. मग तिच्या मैत्रिणीच्या घरी कामाला असलेल्या एबिलीनसाठी गॅरेजमध्ये एक बांधतात. आता हीच एबिलीन त्यांचा स्वयंपाक करते, त्यांच्या मुलीला भरवते, अंघोळ घालते, शी-शू शिकवते, तेव्हा रोग नाही! ती चिमुरडी मे मोबली एबिलीनचं बघून तिच्याच बाथरूममध्ये जाते तर आईचा मार खाते. अगं मग तिला शिकवणार कोण, तू? तुला तर ब्रिज खेळायचाय.

मला वाटलं लेखिकेने जरा मीठमसाला लावलाय, म्हणून शोधाशोध केली तर लुईझियानाचा १८९०चा कायदा सापडला, रेल्वेत काळ्या-गोऱ्यांचे डबे वेगळे करणारा, प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटला ज्याच्यावरून झाला आणि १८९६मध्ये सुप्रीम कोर्टाने जो उचलून धरला तोच. त्यात एक अपवाद चक्क लिहून ठेवलाय, दुसऱ्या वंशाची मुलं सांभाळणाऱ्या आयांना हा नियम लागू नाही. मांडीवर गोरं पोर असेल तर बस खुशाल, नसेल तर ऊठ. बाई कामावर असली की विटाळ नाही, स्वतःच्या कामाला निघाली की लगेच विटाळ. हे कोणीतरी टेबलाशी बसून, शाई घेऊन, व्यवस्थित ड्राफ्ट केलंय, मला त्या माणसाचंच आश्चर्य वाटतं.

आणि हे सगळं दक्षिणेवर ढकलून बाकीच्यांनी मोकळं व्हायचं कारण नाही. १९३५चा सोशल सिक्युरिटी कायदा अख्ख्या देशाचा होता, त्यात घरकाम करणाऱ्या बायका नव्हत्या, त्या आल्या १९५०च्या दुरुस्तीने. किमान वेतनात तर थेट १९७४ला.

असो. क्लबमध्ये दोघीतिघींनी डोळे पुसले, तेही स्कीटरसाठी, म्हणजे त्या गोऱ्या मुलीसाठी! तासभर 'तेव्हा असं होतं, तेव्हा तसं होतं' चाललं, आणि मग एकीला माझी आठवण झाली. तर एकदम वर्तमानकाळ! तुमच्याकडे अजून मेड असतात ना, त्यांचे कप वेगळे असतात असं ऐकलंय, जातीमुळे का?

आता काय सांगायचं. मी सांगितलं की आमच्या पुण्यात १९८०मध्ये मोलकरणींनी संप केला होता, महाराष्ट्रात २००८पासून घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आहे, तुमच्या अलाबामात आहे का असं काही? गप्प बसल्या. मंडळाचं पुढे काय झालं ते नाही सांगितलं, घरची धुणी लायब्ररीत कशाला धुवायची. आणि कपाचं म्हणाल तर हो, आमच्याकडे मावशींचा कप खिडकीत वेगळा असायचा, पण चहा तोच, आमच्याच पातेल्यातला, आलं घातलेला, वर बिस्किटं. शिवाय कोणी त्याचा कायदा नव्हता केला. फरक आहे की नाही? जात होती का त्यात, असेलही, आजीच्या वेळी तर होतीच, पण माझ्या आईने मावशींच्या मुलीची दहावीची फी भरलीय हे त्या बायकांना कुठे माहिती.

रात्री आईला फोन लावून सगळं सांगितलं तर ती म्हणाली, तिकडे बसून कपांची चौकशी नको, इथे नवीन बाईने पगार वाढवून मागितलाय ते ऐक आधी. किती? महिन्याला पाचशे. मग त्यावर अर्धा तास बोललो आम्ही, आणि मला तरी वाटतं पाचशे एकदम म्हणजे जरा जास्तच होतात, तीनशे ठीक आहेत. आणि प्लीज कोणी डॉलरमध्ये हिशोब करून दाखवू नका, तिथलं गणित वेगळं असतं.