शोकगीताची पाककृती

लेक म्हणाली, "आई, लोक इथे येऊन नायगारा बघतात. तू आपली स्मशानं बघत हिंडतेस." तिचं खोटं नव्हतं. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उलटायच्या आत बॉस्टनमधल्या दोन दफनभूमी माझ्या बघून झाल्या होत्या आणि रविवारी तिसरीकडे नेण्यासाठी मी जावयाला गळ घातली होती. निवृत्त माणसाला काहीतरी खूळ हवंच. छत्तीस वर्षं बँकेच्या कर्जखात्यात काढल्यावर मला कवितेचं लागलं, आणि त्यातही विलापिकांचं, म्हणजे गेलेल्या माणसावरच्या शोकगीतांचं.

सुरुवात ग्रॅनरी दफनभूमीपासून झाली. रेड लाइनने पार्क स्ट्रीटला उतरायचं, वर आलं की चर्च, आणि चर्चला लागूनच हे फाटक. १६६० सालची ही जागा. दगड बहुतेक काळ्या-करड्या पाटीचे. लहानपणी ज्या पाटीवर आपण पेन्सिलीने गिरवलं, तसाच दगड. त्यावर कोरलेली पंखवाली कवटी. पहिल्या दिवशी जरा दचकायला होतं, दुसऱ्या दिवशी त्यातल्या काही कवट्या चक्क हसताना दिसतात. दगड अगदी शिस्तीत, रांगेने उभे आहेत, आणि तीच त्यांची लबाडी. एकोणिसाव्या शतकात सोयीसाठी ते हलवून ओळीत लावले. त्यामुळे दगड एकाचा आणि खाली भलताच, असं सर्रास असणार.

मधोमध एक उंच स्तंभ आहे, त्यावर ठळक 'फ्रँकलिन'. जो येतो तो तिथे फोटो काढतो. पण तिथे बेंजामिन फ्रँकलिन नाही, त्याचे आईवडील आहेत. तो स्वतः फिलाडेल्फियाला. मी मात्र तिथे त्याच्याचसाठी थांबले. कारण १७२२ साली, सोळा वर्षांचा असताना, या पोराने शोकगीताची पाककृती लिहिली होती.

भावाच्या छापखान्यात तो उमेदवारी करायचा. भावाचं वर्तमानपत्र होतं. त्यात सायलेन्स डूगुड नावाच्या विधवाबाईच्या नावाने तो गुपचूप पत्रं लिहून पाठवायचा. सातवं पत्र न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या मुलखातल्या विलापिकांवर. सेलमच्या कुणा श्रीमती किटल यांच्यावरचं एक छापील शोकगीत घेऊन त्याने आधी त्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि मग कृती दिली. माझ्या शब्दांत सांगायची तर अशी: नुकतंच वारलेलं एक माणूस घ्यावं; अचानक, म्हणजे कुणी मारल्याने, बुडून किंवा थंडीने गारठून गेलं असेल तर उत्तम. त्याचे सगळे सद्गुण काढून घ्यावेत; कमी पडले तर इकडून तिकडून उसने आणावेत. त्यात मरतानाचे शब्द घालावेत. वरून 'भयंकर', 'क्रूर थंड मृत्यू', 'अश्रू ढाळणारे डोळे' असल्या दुःखी शब्दांची मूठ-दोन मूठ पेरावी. हे सगळं एखाद्या हार्वर्डच्या तरुणाच्या रिकाम्या कवटीत भरावं (ती हाताशी नसेल तर स्वतःची चालेल) आणि पंधरा दिवस मुरू द्यावं. मग यमकं घालून वाढावं.

मी त्या स्तंभासमोरच्या वाटेवर उभी राहून एकटीच हसले. आपल्या चौकाचौकांतले 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स आठवले. तोच हसतमुख फोटो, तेच 'मनमिळाऊ', तेच 'काळाने घाला घातला', खाली शोकाकुल मित्रमंडळींचे पासपोर्ट साइझ चेहरे. त्या वेळच्या बॉस्टनमध्येही हे असंच चालायचं. एका कागदावर विलापिका छापायची, भोवती काळी जाड चौकट, वर कवटी, हाडं, वाळूचं घड्याळ. काही कागद तर तिरडीलाच टोचून नेत. अंत्ययात्रेचं बोलावणं म्हणून हातमोजे पाठवायचे. अँड्र्यू एलियट नावाच्या पाद्रीबाबांकडे ३२ वर्षांत असे सुमारे तीन हजार जोड जमले. एवढे हात कुठून आणायचे? त्यांनी ते विकले. पुढे १७७४ मध्ये ब्रिटिश मालावर बहिष्कार घालताना अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने ठरावात खास कलम घातलं, की सुतकाला पुरुषांनी दंडाला किंवा टोपीला काळी फीत लावावी, बस. हातमोजे वाटणं बंद. स्वातंत्र्यलढ्याच्या ठरावात मयताच्या खर्चाला कात्री! आपल्या समाजसुधारकांना हे नक्की आवडलं असतं.

पाच मिनिटांवरच्या किंग्ज चॅपलच्या दफनभूमीत जॉन कॉटन हे जुने धर्मोपदेशक आहेत, १६५२ साली वारलेले. त्यांच्यावर जॉन फिस्क यांनी विलापिका रचली ती नावातल्या अक्षरांची उलटापालट करून. 'जॉन कॉटन' या अक्षरांतून त्यांनी काढलं 'ओ, हनी नॉट', म्हणजे अगं मधाची गाठ! आणि मग ओळीमागून ओळी ही गाठ सोडवत बसले. मेलेल्या माणसाच्या नावात देवाने काही निरोप ठेवला असेल, अशी ही माणसं खरोखर शोधाशोध करत. मला ते शब्दकोड्यासारखं वाटलं. रडू काही आलं नाही.

रविवारी सकाळी नॉर्थ अँडोव्हरला गेलो. नातू मागच्या सीटवर झोपलेला, झाडं लाल-पिवळी, जावई जीपीएसशी वाद घालतोय. इथे अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट ही सतराव्या शतकातली कवयित्री राहायची. १६३० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, नवऱ्याबरोबर नि आईवडिलांबरोबर जहाजाने आली. आठ मुलं. १६५० मध्ये लंडनला तिच्या कवितांचं पुस्तक निघालं. इथलं घर १६६६ च्या जुलैत जळालं. ती १६७२ मध्ये गेली. कुठे पुरलं, ठाऊक नाही. जुन्या दफनभूमीत तिच्या नावाचा एक दगड आहे, तो अलीकडे, पुस्तकाच्या ३५० व्या वर्षी बसवलेला.

पण तिच्या नातवंडांवरच्या तीन कविता मी वहीत उतरवून नेल्या होत्या. तिन्ही मुलं तिच्या सॅम्युएल या मुलाची. कवितांच्या वर तिने मथळ्यात वयं घातली आहेत. एलिझाबेथ, ऑगस्ट १६६५, वय दीड वर्ष. अ‍ॅन, जून १६६९, तीन वर्षं सात महिने. सायमन, नोव्हेंबर १६६९, एक महिना एक दिवस.

हा 'एक दिवस' मला सोडवत नाही. व्याज लावताना आम्ही दिवस मोजायचो. बाळाचा दिवस मोजते ती आजीच.

आता फ्रँकलिनची कृती इथे लावून बघा. ती चालतच नाही. महिनाभराच्या पोराचे सद्गुण कुठून आणणार? मरतानाचे शब्द? त्याला तर अजून हुंकारही नीट फुटला नसेल. मग कवितेत उरतं काय, तर आजी आणि देव. दीड वर्षाच्या एलिझाबेथच्या वेळी ती म्हणते, झाडं वाढून झाल्यावर कुजतात, प्लम आणि सफरचंदं पिकून पडतात, धान्य हंगामात कापलं जातं, हे सगळं निसर्गाचं. पण नुकतंच लावलेलं रोप उपटलं जावं, हे मात्र एकट्या त्याच्या हातचं काम. वाचताना ही शरणागती वाटते. पुन्हा वाचली की हिशेब वाटतो. याला निसर्ग जबाबदार नाही, तूच आहेस, असं ती हात जोडून सांगते आहे.

अ‍ॅनच्या वेळी तिने कर्जखात्याची भाषा वापरली आणि मी तिथेच घायाळ झाले. जे उसनं दिलेलं होतं ते मी माझंच समजून बसले, मीच खुळी, असं ती लिहिते. तिचा धर्मच तसा होता. माणसावर अति जीव लावला की देव तो काढून घेतो, ही शिकवण. आणि सायमनच्या वेळी, तीन फुलं गेल्यावर, ती म्हणते: तोंड मातीत घालून आपण गप्प राहू, त्याची इच्छा, 'का' म्हणून वाद नको, तो न्यायी आहे तसा दयाळूही आहे, असं आपण म्हणू या.

'असं आपण म्हणू या.' तो दयाळू आहे, असं सरळ तिने लिहिलं नाही. अभ्यासक यावर भांडतात, की ही बंडखोरी की श्रद्धा. मला विचाराल तर त्या बाईला दोन्ही एकदम वाटत होतं. घरातला तान्हा गेल्यावर देवासमोर दिवा लावणारी कुठलीही बाई बघा. शेवटी सूनही गेली, मर्सी, अठ्ठाविसाव्या वर्षात. तिच्यावरही कविता आहे.

एवढ्यात नातू उठला आणि दगडांमधून धावायला लागला. मी त्याला ओरडले. जावई म्हणाला, "धावू दे ना आई, कोण उठणार आहे?" मी नेहमी हसले असते.

पुढे मेरिमॅक नदीच्या काठाने हेवरिल लागलं. इथे थांबलो नाही, पण जाता जाता जावयाला सांगितलं, की या गावची हॅरिएट न्यूएल नावाची मुलगी १८१२ च्या फेब्रुवारीत मिशनरी नवऱ्याबरोबर सेलमहून जहाजात बसली. कलकत्त्याला कंपनी सरकारने राहू दिलं नाही. मॉरिशसला जाताना समुद्रावर बाळंत झाली, बाळ गेलं, आणि नोव्हेंबरअखेर तीही गेली, एकोणीस वर्षांची. तिचं चरित्र न्यू इंग्लंडमध्ये घरोघर वाचलं गेलं. नवरा पुढे मुंबईला पोचला आणि १८२१ मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला. हेच ते अमेरिकन मराठी मिशन, ज्याने पुढे अहमदनगरहून 'ज्ञानोदय' काढलं. जावई नगरचा. त्याने गाडी जरा हळू केली.

न्यूबरीपोर्टला ओल्ड साउथ चर्चमध्ये पुलपिटच्या, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठाच्या खाली धर्मोपदेशक जॉर्ज व्हिटफील्ड पुरलेले आहेत. त्यांच्या प्रवचनाला हजारोंनी माणसं जमत. ३० सप्टेंबर १७७० ला याच गावात ते गेले. क्रांतियुद्धातल्या सैनिकांनी १७७५ मध्ये त्यांची शवपेटी उघडून गळपट्टी आणि मनगटपट्ट्या प्रसाद म्हणून वाटून घेतल्या. तळघरात गार होतं. मी दोन मिनिटांत वर आले, कारण मला व्हिटफील्डपेक्षा त्यांच्यावर लिहिणारी मुलगी हवी होती.

ती बॉस्टनची. फिलिस व्हीटली. १७६१ च्या जुलैत गुलामांच्या जहाजातून उतरली तेव्हा पुढचे दुधाचे दात पडत होते, म्हणून वय सातएक धरलं. जहाजाचं नाव 'फिलिस', तेच तिला दिलं. व्हीटली कुटुंबाने विकत घेतली, लिहायला-वाचायला शिकवलं. सतराएक वर्षांची असताना तिने व्हिटफील्डवर विलापिका लिहिली. ती एकपानी छापून बॉस्टन, न्यूपोर्ट, फिलाडेल्फियात विकली गेली, लंडनलाही छापली. त्यात व्हिटफील्ड आफ्रिकनांना सांगतात, तारणहार भेदभाव करत नाही, तो तुमचीही वाट बघतोय. याच व्हिटफील्डनी जॉर्जियात गुलामी कायदेशीर व्हावी म्हणून खटपट केली होती आणि स्वतः गुलाम ठेवले होते. मेलेल्या माणसाला आपल्या मनासारखं बोलायला लावता येतं, ही या काव्यप्रकारातली खरी सोय, आणि ती सोय त्या मुलीने बरोबर हेरली.

१७७३ मध्ये तिचं पुस्तक लंडनला निघालं. त्यात विलापिकाच विलापिका: नवरा गेलेल्या बाईंना, पाच वर्षांची मुलगी गेलेल्या घराला, बारा महिन्यांच्या बाळाच्या आईबापांना. कुणाच्या घरी मयत झालं की व्हीटलींच्या फिलिसकडून कविता यायची. ज्यांच्यासाठी लिहायची ते गोरे, ती त्यांच्यापैकीच एकाची मालमत्ता. त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये तिला भेटायला एक गृहस्थ आले आणि काही मदत लागली तर सांगा म्हणाले. ते बेंजामिन फ्रँकलिन. पुढे स्वतंत्र झाल्यावर तिने दुसरं पुस्तक जाहीर केलं ते त्यांनाच अर्पण करून. पण वर्गणीदार मिळाले नाहीत, पुस्तक निघालंच नाही. १७८४ च्या ५ डिसेंबरला ती गेली, गरिबीत. हिचीही कबर ठाऊक नाही. त्याच महिन्यात 'होरेशिओ' या टोपणनावाने कुणीतरी एका मासिकात तिच्यावर विलापिका छापली.

सोमवारी मी एकटीच कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवर तिचा पुतळा बघायला गेले. २००३ सालचा. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स, लुसी स्टोन आणि ही. तिघी चबुतऱ्यावरून खाली उतरल्यात, आणि फिलिसने तर चबुतऱ्याचंच मेज केलंय. बाकावर बसून मी ती बारा महिन्यांच्या बाळाची कविता काढली. तिथेही फ्रँकलिनची अडचण होतीच, की बाळाचे शेवटचे शब्द कुठून आणायचे. फिलिसने बाळाला स्वर्गात नेऊन बोलतं केलंय. ते देवाचे आभार मानतं, की पाप मनात शिरायच्या आत मला आकाशाकडे हिसकावून नेलंस.

त्याच पुस्तकात लॉर्ड डार्टमथ या ब्रिटिश मंत्र्यांना लिहिलेली कविता आहे. तीत तिने एकदाच स्वतःचं सांगितलंय. मला लहानपणी आफ्रिकेतून हिसकावून आणलं. माझ्या बापाच्या काळजाला काय वेदना झाल्या असतील. दोन्हीकडे मूळ इंग्रजीत शब्द एकच आहे, 'स्नॅच्ड'. मी दोन पानांमध्ये बोट घालून बसले होते. एक बाई फोटो काढून देता का म्हणून फोन पुढे करत आली. पुतळ्याशेजारी उभी राहिली. मी दोन काढले.