माशासाठी माशी

मी टेबलाशी बसून माश्या बांधतो आहे असे सांगितले, की आई आजही हसते. माश्या मारत बसणारे पुष्कळ पाहिले, बांधत बसणारा तूच, असे तिचे म्हणणे. खरे तर काम साधे आहे. गळाच्या छोट्या आकड्यावर धागा, पिसे, लोकर गुंडाळून माशाला किड्याचा भास होईल असे काहीतरी करायचे. या माशीला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून फेकताना दोरीचे वजन तिला पुढे नेते. इसवी सन 200च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळी आकड्यावर तांबडी लोकर आणि कोंबड्याची दोन पिसे बांधतात, असे लिहून ठेवले आहे.

पिसांनीच मला सर्वांत जास्त छळले. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीसाठी कोंबड्याच्या मानेचे लांब, अरुंद पीस लागते आणि त्याचे रोम आखूड व ताठ असावे लागतात, कारण त्यांच्याच टोकांवर माशी उभी राहते. अमेरिकेत केवळ अशा पिसांसाठी कोंबड्यांच्या खास जाती पैदा केल्या गेल्या आहेत. आमच्या शेजारच्या गावठी कोंबड्याचे पीस दिसायला देखणे, पण तीन वेढ्यांत संपणारे आणि मऊ. माझी प्रत्येक तरंगती माशी बादलीतल्या पाण्यात मुकाट्याने तळाशी गेली.

मग मी बुडणाऱ्याच माश्या बांधू लागलो, आणि गिरणेच्या संथ, गढूळ डोहांना त्याच मानवतात, असे माझे मत झाले आहे. पावसाळा सरत आला की मोर पिसे झाडतात. शेताच्या बांधावर सापडलेल्या अशा पिसाचे दोन-तीन हिरवट रोम 12 नंबरच्या आकड्यावर गुंडाळले की किड्याचे गुबगुबीत अंग तयार होते. (आकड्याचा नंबर वाढला की आकडा लहान होतो, हे उलटे गणित ठाऊक नसल्याने माझी पहिली खरेदी वाया गेली.) हे रोम फार नाजूक असतात, म्हणून त्यांच्यावरून उलट्या दिशेने बारीक तांब्याची तार फिरवावी लागते, आणि ती मला विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानात फुकट मिळाली.

नवशिक्याची ठरलेली चूक मीही केली. अंग बांधण्याच्या भरात आकड्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचलो आणि शेवटच्या गाठीला जागाच उरली नाही. कशीबशी गाठ मारली, तर वर लावलेल्या नेलपॉलिशने डोळाच बुजला आणि नदीकाठी त्यातून दोरी जाईना. आता मी धाग्याचा पहिला वेढा डोळ्यापासून दोन मिलिमीटर मागे घेतो आणि ती जागा शेवटपर्यंत रिकामी राखतो.

मागच्या रविवारी अशाच एका माशीला चार चिलापी लागल्या. चौथीनंतर मोरपिसाचे रोम पुरते कुरतडले गेले होते. तार मात्र जागची हलली नव्हती.